शिरोड्याच्या मिठाची पुडी

मालवण
ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वेनेसा हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.,

तुझ्या चेडवाचा फोटो शेजारच्या संचिताने मोबाईलवर दाखवला. नाक माझं, बाकी सगळा माल तुमच्याकडचा. आणि नाव ठेवलंस सेवरीना! गो, एक्याऐंशी वर्षं हे नाव मी एकटी वापरतेय, आता वाटेकरीण आली. वाडीभर सांगत सुटले. मासेवालीने खुशीत चार पेडवे जास्त टाकले, त्यातला एक मांजराने नेला. तोही बारशातच धरू.

फोनवर माका धड ऐकाक येना नाय, म्हणून लिहिते. चौथी शिकलेली बाई लिहिणार तसंच, हसू नको.

वाडीतली जॉयसी सुट्टी संपवून परत लिस्बनला निघालीय, तिच्या हातून पुडी पाठवते. शिरोड्याचं मीठ. आमच्या वेळचे पाद्री बाप्तिस्म्याला लेकराच्या जिभेवर मिठाचा कण ठेवायचे. हल्लीचे ठेवत नाहीत, म्हणून पोरं अळणी निघतात. तुझ्या बापाला ठेवलं तर त्याने फादरचं बोटच हिरड्यांत धरलं, सोडीना! ऑक्टोबरात तिथे बाप्तिस्मा कराल तेव्हा माझी आठवण म्हणून एक कण ठेवायला सांग. मी येऊ शकत नाही, माझं मीठ येतंय.

माया आसा तशीच रवां दे.
तुझी आजी

लिस्बन
ता. १९ सप्टेंबर २०२५

ती. आजी हिस सा. न. वि. वि.,

मीठ पोचलं. विमानतळावर पुडीत मीठच आहे असं पटवताना जॉयसीला घाम फुटला म्हणे.

आजी, आम्ही बाप्तिस्मा करत नाही आहोत. रागावण्याआधी पुढचं वाच. गेल्या महिन्यात इथून दक्षिणेला लागुश गावी गेलो होतो. १४४४ साली आफ्रिकेतून पकडून आणलेली दोनशेहून जास्त माणसं तिथे उतरवली आणि आयांपासून मुलं तोडून वाटली. एक वाटा चर्चला गेला. पुढे पोपनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून परवानगी दिली, की जे ख्रिस्ती नाहीत त्यांना कायमचं गुलाम करा. मग जहाजं समुद्रापार ब्राझीलला जाऊ लागली. अंगोलाच्या बंदरात पाद्री रांगेतून फिरायचे. हातात नव्या नावाची चिठ्ठी, जिभेवर मीठ, डोक्यावर पाणी, की झाला बाप्तिस्मा. मग जहाजात. कोणालाही विचारलं नव्हतं.

तुझी पुडी ओट्यावर आहे. मला ती उघडवत नाही. सेवरीना मोठी होऊन स्वतः मागेल तेव्हा बघू.

तुझं मन मोडतेय हे कळतं. तरी मला जवळची मान.
तुझी वेनेसा

मालवण
ता. २ ऑक्टोबर २०२५

चि. वेनेसा हिस आजीचे आशीर्वाद.

राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. मग सोलकढी केली, ती बरी झाली, राग उतरला.

फादरना विचारलं, पोपनी खरंच असं लिहिलं काय? ते आधी खोकले. मग म्हणाले, खरं आहे. आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले. तुझे आजोबा नाहीत ते बरं. त्यांना पोर्तुगीज पाद्र्यांचं भारी कौतुक, जेवताना घास हातात धरून सांगायचे.

आता एक सांगते, ते तुझ्या बापालाही ठाऊक नाय. त्याच्या आधी माका एक झील झालो होतो, त्याचा थोरला भाऊ. दोन दीस जगलो. खाडीला उधाण, फादर पलीकडे, होडी सुटेना. ते आले तोवर संपलं होतं. अडीनडीला घरातल्या कोणीही डोक्यावर पाणी घातलं तरी बाप्तिस्मा होतो, हे मला मागाहून सांगितलं. बाप्तिस्मा नाही म्हणून सिमेट्रीत जागा नाही. कुंपणाच्या दगडी गडग्याबाहेर, करवंदीच्या जाळीपाशी पुरलं. वाडीतल्या रोझारियोंनी त्याला आंब्याच्या पेटीतून नेलं. पेटीवर देवगड लिहिलेलं होतं. मी ओली बाळंतीण, मला जाऊ दिलं नाही. नंतर मीच गेले नाही.

बघ, त्या माणसांना पाणी मिळालं आणि त्यांना विकलं. माझ्याला मिळालं नाही, त्याला बाहेर ठेवला. ह्यात पाण्याचा काय दोष नि मिठाचा काय? करणाऱ्यांचा आसा. म्हणून तुला चुकीची म्हणत नाही. पण जिवाला एकच लागून राहिलंय, की आपली सेवरीनाही गडग्याबाहेर राहील.

पत्राची वाट बघते, मांजर पण बघते.
तुझी आजी

लिस्बन
ता. १० ऑक्टोबर २०२५

ती. आजी हिस सा. न.,

तुझी भीती पोचली. निर्णय बदलत नाही. डिसेंबरात आम्ही येतोय. मला ती जागा दाखवशील? आणि त्याचं नाव काय होतं?

तुझीच,
वेनेसा

मालवण
ता. २१ ऑक्टोबर २०२५

चि. वेनेसा हिस आजीचे आशीर्वाद.

नाव नेव्हिल, मी मनातच ठेवलेलं. साठ वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, आजोबांनीसुद्धा नाही.

तू जागा विचारलीस म्हणून संचिताला काठीसारखी धरून गेले. आजोबांच्या कबरीपर्यंतची वाट पायांना ठाऊक, पुढे नाय. करवंदीची जाळी सापडेना. तिथे झाडलोट करणारा गुरुदास म्हणाला, आज्ये, जाळी खंय शोधतंस? ती गेली कधीच. जागा पुरेना म्हणून बारा वर्षांमागे गडगो पंधरा हात पुढे नेलो. जाळी होती ती जागा आता आतच.

मी तिथेच बसले. संचिता घाबरली, तिला वाटलं चक्कर आली. चक्कर कसली, हसू येत होतं.

नेव्हिलला पाणी कोणी घातलं नाही, गो. गडगो सरकलो.

तेव्हा सेवरीनाची घाई नको. तिला बोलायला येऊ दे, मग तिलाच विचार. पुडी तेवढी फोड आणि रोजच्या आमटीत घाल. तुझी आमटी अळणी असते, जॉयसी सांगत होती.

येताना तिला कानटोपी घाल. वाट बघणाऱ्यांवर लोभ करा.
तुझी आजी, थोरली सेवरीना