काठावरचं नाव

“काठावर माझं नाव लिही,” असं बिंता साखो मला दहा वर्षांपूर्वी म्हणाली होती.

मी, आश्लेषा निमिष राजवाडे, वय सेहेचाळीस, कापडावरच्या नक्षीची डिझायनर, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहिते. आजार यकृतापर्यंत पोचला आहे, बुद्धीपर्यंत नाही.

१. घरातला माझा हिस्सा आणि बचत माझे पती निमिष यांना. निमिष, आपल्या लेकीच्या, केयाच्या केसांना कंगवा खालून लाव, वरून ओढू नकोस. ती ओरडत नाही, नुसती रडते.

२. वेण्यांच्या नक्षीची पहिली साडी जाऊबाई शिवांगी यांना. “केसांची साडी? देवघरात नको हं नेऊस,” असं त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या. नेसू नये, पण एकदा उलगडून बघावी.

३. माझ्या सर्व वह्या आणि त्या नक्षीचे सर्व हक्क बिंताला. नूअर्कमधल्या तिच्या दुकानात ती बायकांच्या डोक्यावर भांग पाडायची, कानामागून मानेपर्यंत वळणाऱ्या बारीक वेण्या घालायची. मी शनिवारी शेजारी बसून त्या वेण्या वहीत उतरवायचे. “माझं महिन्याभरात उसवतं,” ती म्हणायची, “तुझं राहील.” छापील कापडाच्या काठावर डिझायनरचं नाव घालायची आमच्या व्यवसायात पद्धत आहे. मी माझं घातलं, आणि खाली ‘आफ्रिकन प्रेरणा’. एका बाईचं नाव लिहायचं होतं, मी अख्खा खंड लिहिला.

निमिष म्हणाला होता, “अगं, हेअरस्टाइलचा कधी कॉपीराइट असतो का?” मला तेच ऐकायचं होतं.

बिंताने काठ वाचला, घडी घातली आणि कापड परत दिलं. त्यानंतरची माझी तिन्ही पत्रं न उघडता परत आली.

यापुढे प्रत्येक काठावर ‘बिंता साखो, नूअर्क’ एवढंच छापावं. जमत नसेल तर छपाई बंद करावी.

ठिकाण: पार्सिपनी. दिनांक: ९ मार्च २०२५.
सही: आश्लेषा राजवाडे
साक्षीदार: विनीता केळकर (शेजारीण), कुश देसाई (सहकारी)

विनीता म्हणते, “अगं, सहीखाली लिहिलेलं कोर्ट धरत नाही.” नाही धरलं तर नाही.

बिंता, मी वहीत डोकं घालून बसायचे तेव्हा तीन वर्षांची केया तुझ्या मांडीवर असायची. तू विंचरताना ती कधी रडली नाही. आता ती तेरा वर्षांची आहे. माझ्या हातांत कंगवा धरायची ताकद राहिलेली नाही. तू नाहीच म्हणशील, आणि तुझं बरोबर असेल. तरी महिन्यातून एका शनिवारी तिला तुझ्या खुर्चीत बसू दे.