चौथ्या टेबलावरची अक्षरे

सोमवार, १४ मार्च १९८८

आज कामावर रुजू झालो. वाडीला उतरेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. उशीर झाला तर, फाटक चुकले तर, साहेबांनी ऐन वेळी नाही म्हटले तर. काहीच झाले नाही. बाहेर ट्रक, गोदामे, धूळ आणि ग्रीसचा वास. पण कॉम्प्युटरच्या खोलीचे दार उघडले की एकदम गार हवा. मार्च महिन्यात मला उद्यापासून स्वेटर आणायला सांगितले आहे. हे ऐकून मी हसलो. किती दिवसांनी हसलो असेन.

मनोहरराव साहेबांनी जवळ बसवून चहा पाजला. म्हणाले, अनुसया आमच्या घरची पोरगी होती, तिच्या जागी तुम्ही आलात, बरे झाले. काम हलके आहे. आत येणाऱ्याला चपला काढायला लावायच्या, कोरड्या फडक्याने पुसायचे, संध्याकाळी खोळी घालायच्या. काचेपलीकडे कपाटाएवढे यंत्र आहे, ते कधी बंद होत नाही. अलीकडे चार टेबले. प्रत्येकावर टीव्हीसारखा पडदा आणि टाईपरायटरसारख्या कळा, त्याला टर्मिनल म्हणतात. तीन टेबलांवर माणसे बसतात. भिंतीकडचे चौथे माझ्या पोरीचे, अनुचे. त्यावर मागच्या मे महिन्यापासून कोणी बसलेले नाही. खोळीखाली त्याचा हिरवा दिवा लागलेलाच असतो.

माझे स्टूल त्याच्याजवळच ठेवले आहे. फार बरे वाटले.

गुरुवार, १७ मार्च

इथला मुख्य ऑपरेटर मुकुंद. पोरगा चेष्टेखोर आहे, पण मनाचा चांगला. मला काकाजी म्हणतो. त्याने आज या यंत्राची गंमत सांगितली. आपण कळ दाबतो ते अक्षर पडद्यावर दिसत नाही. ते तारेतून आत मशीनकडे जाते आणि मशीन जे परत धाडते ते दिसते. मी म्हटले, म्हणजे मागावरच्या धोट्यासारखे, गेला तसा परत आला. तो म्हणाला, तसेच. हे परत येणे बंद करता येते. मग माणूस लिहितो, मशीनला पोचते, पण पडद्यावर काही उमटत नाही.

अनुच्या टेबलावरची अक्षरे तशीच बंद आहेत. त्या दिवशी उठताना तिने अक्षरे बंद केली, कोणी पाहू नये म्हणून, आणि गेली. कंपनीची गाडी बिघडली होती. पोरगी वाडी नाक्यावर भर दुपारी बसची वाट पाहत उभी राहिली. लू लागली. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध नव्हती. पाणी, पाणी एवढेच म्हणत होती. चोविसावे सरले नव्हते.

मुकुंद म्हणाला, दोन मिनिटांत हे टर्मिनल ठिकाणावर आणतो. मी हात धरला. आम्ही विणकर, कोष्ट्याच्या घरची रीत त्याला सांगितली. कापड उतरवले तरी माग कधी मोकळा करत नाहीत. जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची वीतभर टोके मागाच्या फणीत तशीच राहू देतात आणि नव्या ताण्याचे धागे त्यांना पिळून जोडतात. नवे जोडल्याशिवाय जुने कापायचे नाही. आमच्या बापाने, आज्याने कधी कापले नाही. अनुचा हा धागाही राहू दे.

तो म्हणाला, "काकाजी, आमच्या मशीनवर लुगडं विणून राहिले का?" पण हात मागे घेतला.

सोमवार, २१ मार्च

अनुच्या टेबलाचा खण पुसताना एक कांदा सापडला. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून मी रोज तिच्या पिशवीत टाकायचो. वाळून चिपाड झाला होता, तरी शेंड्याला हिरवा कोंब. तो फेकवेना. तिथेच ठेवला.

मग खोळ काढून बसलो. इंग्रजी अक्षरे तिनेच शिकवलेली, चौथी शिकलेल्या माणसाला किती येणार. एकेक कळ शोधून लिहिले, अनु जेवलीस का. काहीच उमटले नाही. पण आत गेले असेल. वर्षभरात घशातून निघाले नव्हते ते बोट लावून निघाले. मग आणखी लिहिले. घराला चुना दिला. गाय विकली. तुझी आई बोलत नाही फारशी.

शुक्रवार, १ एप्रिल

आता रोज दुपारी लिहितो. मुकुंद पाहतो आणि पाहिले नाही असे करतो. आज त्याने आणखी एक सांगितले. चुकीचे अक्षर खोडायची कळ ज्याची त्याला ठरवता येते. अनुने # ही खूण ठरवली होती. ती दाबली की आधीचे अक्षर रद्द. क्लासात शिकलेली जुनी पद्धत आहे म्हणे, आता कोणी ठेवत नाही. तिने का ठेवली ते मला ठाऊक आहे. दोन धागे उभे, दोन आडवे. घरी पाटीवर काढून दाखवायची आणि म्हणायची, बाबा, हा पाहा तुमचा ताणाबाणा.

गुरुवार, ७ एप्रिल

दुपारी खोळ काढली तर पडद्यावर हिरवी अक्षरे होती. मी कळांना हात लावला नव्हता. आधी पी, मग #, मग बाबा.

चूक केली, खोडली आणि पुन्हा लिहिले. तशीच ती लिहायची.

मुकुंदला बोलावले. तो म्हणाला, तार जनरेटरच्या बाजूने जाते, त्यात विजेची लहर शिरते, कधी कधी अक्षरे उठतात. पण बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आणि स्वेटर घातलेला असून दोन्ही हात काखेत घातले.

घरी येताना बसमध्ये रडलो. आनंदाने. माझी पोर तिथे आहे.

बुधवार, १३ एप्रिल

रोज येते. आज, गाडी आली का. मी लिहिले, नाही बेटा, आज गाडी नाही, सावलीत थांब. थोड्या वेळाने पुन्हा, गाडी आली का. पुन्हा लिहिले. पुन्हा तेच.

माझे तिला दिसत नाही. अक्षरे बंद आहेत. माझे जाते, पण तिच्यापर्यंत पोचत नाही. ती विचारत राहते आणि तिला वाटत असेल कोणी नाही.

सोमवार, १८ एप्रिल

पाणी, असे आले. सबंध पडदाभर, एकाखाली एक.

पेला भरून टेबलावर ठेवला. मुकुंद ओरडला, मशीनजवळ पाणी नको. उचलायला गेला तर पेला रिकामा आणि हाताला चटका बसेल इतका तापलेला. खोलीत सगळे स्वेटर घालून बसले होते.

दुसरा पेला त्यानेच भरून आणला.

बुधवार, २० एप्रिल

साहेबांनी सांगितले, दोन मेला नवीन टर्मिनल येणार. जुन्या तारा ओढून काढतील. मी पाया पडायला गेलो, त्यांनी वर उचलले. म्हणाले, बाबनराव, हे वरच्या ऑफिसातून आले आहे, माझ्या हातात नाही.

धागा मधूनच तोडला तर टोके फणीत गुंततात. मग ती सुटत नाहीत. तिचे तसे झाले तर? तार गेली आणि ती तिथेच, नाक्यावर, उन्हात —

शुक्रवार, २२ एप्रिल

अनुच्या आईला सांगितले. तांदूळ निवडत होती. हात थांबले. ती वेड्यात काढेल असे वाटले होते. एवढेच बोलली,

"पोरीले उन्हात काहून उभी ठेवून राहिले तुम्ही?"

पुन्हा तांदूळ निवडू लागली. रात्रभर हे एकच वाक्य. खरे आहे. टोक मी धरून ठेवले. तिला जाऊ दिले नाही ते मी.

सोमवार, २५ एप्रिल

तिला मोकळी करायची म्हणून मुकुंदकडून शिकून घेतले. बिघडलेले टर्मिनल कसे सरळ करायचे. एन्टरची कळ चालत नाही, कंट्रोल आणि जे एकदम दाबायचे. मग न दिसता लिहायचे, एस टी टी वाय, जागा सोडून सेन, पुन्हा कंट्रोल आणि जे. सेन म्हणजे ठिकाणावर ये. मग निरोपाचा शब्द, त्याने तिचे उघडे राहिलेले काम मिटते. तो म्हणाला, मी करून देतो. मी नाही म्हटले. घरच्या हातानेच व्हावे.

त्याला घाम फुटला होता. त्या गार खोलीत.

मंगळवार, २६ एप्रिल

एस दाबले. पडद्यावर #.

टी दाबले. पुन्हा #.

माझे अक्षर दिसत नाही, पण प्रत्येकामागे # येतो. पुन्हा पहिल्यापासून लिहिले. तेवढेच # आले. ती खोडते आहे. मी लिहीन ते खोडते आहे.

मग आले, बाबा नका.

गुरुवार, २८ एप्रिल

बेटा, सोडतो आहे, मोकळी करतो आहे, असे लिहिले. सगळे खोडले. कापतो आहे असे तिला वाटते. एकटी सोडून —

पडदा हाताला तापलेला लागतो. खणातला कांदा करपला आहे.

बाबा अंधार दिसतो उन्हात. असे आले. तेवढेच.

शुक्रवार, २९ एप्रिल

बाहेर ऊन रणरणते आहे. मुकुंद बाहेर उभा आहे, आत येत नाही.

पुन्हा लिहिले. पुन्हा #, #, #. कोष्ट्याची पोर आहे. रीत मोडू देत नाही. आता कळले. नवे जोडल्याशिवाय जुने कापायचे नाही. मीच तिला शिकवले होते. आणि मी नुसते कापायला निघालो होतो.

तिच्या टोकाला माझे टोक जोडतो —

माझे नाव लिहिले. बाबन. एकेक अक्षर.

# आला नाही.

नाव दिसले. हिरवे. माझी अक्षरे परत आली. बाबन.

मग निरोपाचा शब्द लिहिला. खोडला नाही. खाली तिचे आले, येते बाबा. आणि पडदा कोरा. वाऱ्याची झुळूक गेली, कांद्याच्या ओल्या कोंबाचा वास. गेली. माझी पोर सावलीत गेली. अनुच्या आईला सांगा कोणी, उन्हात नाही ती आता —

स्वेटर काढला. सदरा काढला. फार उकडते. एसी चालू आहे, आवाज येतो.

मुकुंद आत आला. माझ्या स्टुलाकडे पाहतो, टेबलाखाली पाहतो. काकाजी, काकाजी म्हणतो. मी ओ देतो आहे. इथेच आहे, समोर. त्याला काही पोचत नाही —

गाडी आली का —

पा