तीन परदेशी मुरवणकर आणि एक गोविंदपुऱ्याचा

माघ शु. ७, गुरुवार. रथसप्तमी.
सूर्यनमस्कार बारा. तेराव्याला गुडघ्याने नकार दिला. सौ. म्हणाली, सूर्याचीही काही तक्रार दिसत नाही.

दुपारी चि. मुक्ता (नात; इथे भोपाळलाच अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष) कॉलेजच्या संगणकावरून एक कागद छापून घेऊन आली. "आबा, देखो तो सही, मुरवणकर पूरे वर्ल्डमध्ये आहेत." तीन नावे. डॉ. दाविद मुरवणकर, इस्रायल. वाळवंटात खजूर पिकविण्याच्या शास्त्रातले मोठे नाव. न्या. सावित्री मुरवणकर, मॉरिशस, निवृत्त न्यायमूर्ती. तेरेझा मुरवणकर, लिस्बन, गायिका. आमचे कोकणातले मुरवण म्हणजे खाडीकाठचे चिमूटभर गाव. त्याचे नाव लावणारी माणसे कुठवर पोचली!

कुलवृत्तांतातील 'नामवंत' प्रकरण माझ्याकडे आहे. आजवरची सामग्री: एक मामलेदार, दोन मुख्याध्यापक, आणि तीन वेळा काशीयात्रा केलेले एक गृहस्थ. (सौ.च्या मते ते यात्रेसाठी नव्हे, घरातून निघण्यासाठी जात.) त्यामुळे सायंसंध्येत चित्त लागेना. आचमन दोनदा झाले की तीनदा, स्मरत नाही. शेवटी पुण्याला अण्णांना, म्हणजे चुलत बंधूंना, पत्र टाकलेच. ग्रंथाचे मुख्य संपादक तेच. लिहिले: "कौशिकगोत्री मुरवणकरांची कीर्ती तीन खंडांत पसरली आहे."

माघ कृ. २, रविवार.
तिघांना माहितीपत्रक रवाना. पत्रक मीच आखले आहे. कारखान्यात एकतीस वर्षे नकाशे काढले, हात गप्प बसत नाही: चारी बाजूंना समास, उजव्या कोपऱ्यात शीर्षकाची चौकट, तिच्याखाली दुरुस्त्यांसाठी 'रिव्हिजन'चा रकाना. एकूण अकरा प्रश्न. क्र. १ गोत्र, क्र. २ कुलदैवत, क्र. ३ मूळपुरुष, मग बाकीचे. मुक्ताने शेजारी इंग्रजी लिहिले. गोत्राला इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा 'गोत्र' असेच लिहून ती म्हणाली, समझ जाएंगे.

सायंकाळी अण्णांचा फोन. माझे वाक्य त्यांनी कुलवृत्तांत मंडळाच्या परिपत्रकात जसेच्या तसे घेतले, आणि परिपत्रक घरोघर गेलेसुद्धा. आनंद झाला. किंचित घाईही वाटली.

फाल्गुन शु. ५, बुधवार.
दोन उत्तरे.

न्यायमूर्तीबाई: पणजोबा उसाच्या मळ्यावर कामाला आले. जहाजावरच्या कारकुनाने गाव विचारले आणि तेच आडनाव म्हणून लिहून टाकले. "गोत्राचा रकाना त्याच्या वहीत नव्हता. तुमच्या कागदात आहे, पण आता सांगणारे कोणी नाही."

तेरेझाबाई: "गोत्राविषयी आईला विचारले. तिने आमच्या पाद्र्यांना विचारले. त्यांनी मला विचारले." कुलदैवतापुढे: मेरीमाता.

कागद देवघरात ठेवला. नंतर तिथून काढून कपाटात ठेवला. 

फाल्गुन शु. ११, मंगळवार.
डॉ. दाविद यांचे पत्र. पेन्सिलीने, देवनागरीत, अक्षर बाराव्या वर्षी थांबलेले. त्या वयात ते आईबापांबरोबर हिंदुस्थान सोडून गेले. अकराही रकाने भरले आहेत. गोत्र: "समजले नाही. आजी आम्हाला शनवार तेली म्हणे. आमचा तेलाचा घाणा शनवारी बंद असे." कुलदैवत: "तो एकच आहे. त्याचे नाव आम्ही उच्चारीत नाही." मूळपुरुष: "अब्राहाम. त्यानंतरचे नीट आठवत नाहीत."

कुलदैवताचे उत्तर तीन वेळा वाचले. पोथीत हेच इतक्या थोड्या शब्दांत क्वचित सापडते.

पण मग ध्यानात आले: तिघांपैकी एकही कौशिकगोत्री नाही, आणि माझे असत्य छापून घरोघर गेले आहे. एकादशीचा उपवास होताच. प्रायश्चित्त तेवढे वाढले. सौ.ला सांगितले. ती भगर निवडीत होती. म्हणाली, "न विचारता सोयरीक जाहीर केलीत. लोक निदान पत्रिका तरी मागतात."

फाल्गुन कृ. ५, गुरुवार. रंगपंचमी.
तोडगा सापडला. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याचे ते काश्यप मानावे, अशी शास्त्राची सोय आहे. सारे प्राणिमात्र अखेर कश्यपाचेच. तिघांनाही काश्यप लिहावे. ते ग्रंथात राहतील आणि मीही बुडणार नाही.

अण्णांना फोन केला. प्रथम तडकले. हा एका कुळाचा ग्रंथ आहे, आडनावांचा बाजार नव्हे, वगैरे. मग काश्यपाचे ऐकल्यावर: "नारायणा, तू चुकून नकाशे काढत बसलास. तू वकील व्हायला हवं होतंस. बरं, लिही काश्यप. पण थोडक्यात लिही." प्रत अक्षय्य तृतीयेला छापखान्यात जायची आहे.

फोन ठेवतो तोच शेजारचे तिवारी गुलाल घेऊन दारात. चष्म्यासकट गुलाबी झालो. आज चालले.

चैत्र शु. १, सोमवार. गुढीपाडवा.
गुढी क्वार्टरच्या गॅलरीत. खालून जाणारे दरवर्षी विचारतात, दरवर्षी सांगतो.

मुक्ताच्या संगणकावर डॉ. दाविद यांचा निरोप: भोपाळच्या शेती संस्थेत व्याख्यान आहे, शुक्रवारी दुपारी भेटायला येतो. आहाराचे नियम कळविले आहेत. भांडी वेगळी, बाहेरचे शिजवलेले शक्यतो नको, ताट-चमचा स्वतःचा आणीन. सौ.ने वाचून मला नुसते पाहिले. मीही गेली चाळीस वर्षे परक्या घरी आपले ताट घेऊन जातो.

चैत्र शु. ५, शुक्रवार.
तीनला येणारे पाहुणे साडेपाचला आले, तेही स्कूटरच्या मागच्या सीटवर, मांडीवर पेटी घेऊन. पुढे दत्ताराम. पत्त्याचा कागद हरवला, म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला नुसते 'मुरवणकर' सांगितले. त्याने गोविंदपुऱ्यात नेऊन एका पाटीसमोर उभे केले: मुरवणकर इंजिनिअरिंग वर्क्स. तिथे चहा झाला, लेथ पाहून झाली, मग दत्ताराम इकडे घेऊन आला.

दत्ताराम मुरवणकर कारखान्यात फिटर होता. माझ्या नकाशांवरून त्याने कित्येक वर्षे जोडणी केली. निवृत्तीनंतर गोविंदपुऱ्यात स्वतःचे छोटे वर्कशॉप. मी त्याला दत्ताराम म्हणतो, तो मला साहेब. आमचे आडनाव एक आहे, हा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

डॉ. दाविद सत्तरीचे, खजुराच्या झाडासारखेच सडसडीत. मराठी त्यांच्या आजीची. सौ.ला "बाय" म्हणाले. ती तिथेच जिंकली गेली.

चहा चालू असता त्यांनी दत्तारामला सहज विचारले, "तुम्ही तो कागद भरला काय? मला फार कठीण गेला बघा."
दत्तारामने बशी खाली ठेवली. "मला मिळाला नाही."
डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. सौ.ही.
फॉर्म संपले होते, असे मी म्हणालो. कपाटात पस्तीस शिल्लक आहेत.

दत्ताराम फार थांबला नाही. सूर्य कलला होता, आणि शनिवार संपेपर्यंत डॉक्टर वाहनात बसत नाहीत. सबब मुक्काम इथेच. सूर्यास्ताआधी त्यांनी सौ.कडे दोन निरांजने मागितली. ते पुढच्या खोलीत आपली प्रार्थना म्हणू लागले, मी देवघरात संध्या. मग जेवण. ते एका कोपऱ्यात स्वतःच्या ताटावर, मी दुसऱ्या कोपऱ्यात सोवळ्यात. सौ. मध्ये वाढत होती. "दोघांपैकी कोणाला कोणाची शिवाशिव होते, ते एकदा सांगा. मला चालायला वाट राहिली नाही."

झोपण्याआधी कपाटातले कागद पुन्हा मोजले: पस्तीसच.

चैत्र शु. ६, शनिवार.
सकाळी डॉक्टरांसह वसाहतीत पायी फेरी. गुलमोहर कोणी लावले, पाणी कुठून येते, सगळे त्यांनी विचारून घेतले. बागेतल्या बाकावर मी काश्यपाचा तोडगा सांगितला. खरे तर अभिमानानेच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. हसले. मग म्हणाले, "तुम्ही मला घरात घेता, ते कळलं. पण मला माझं घर आहे हो. मुरवणच्या घाण्यावर आजीनं शनवार पाळला, आणि गावानं शनवारी तिच्याकडे कधी तेल मागितलं नाही. ते लिहा. काश्यप लिहिलंत तर ते पुसलं जाईल."

शास्त्राची सोय अनाथासाठी होती. मी ती ज्याला आजोळ-घर दोन्ही आहे त्याच्या गळ्यात बांधू पाहत होतो.

थोडे चालल्यावर त्यांनी विचारले, दत्ताराम कुठल्या मुरवणचे? मी म्हणालो, त्याच. "मग त्यांचा कागद?" मी बोटाने एक पक्षी दाखविला. तो साधा कावळा होता.

चैत्र शु. ७, रविवार.
जाण्याआधी डॉक्टरांनी मलिदा केला. पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, वर फळे. मधोमध ताट ठेवून त्यांच्या एका संदेष्ट्याचे नाव घेऊन प्रार्थना. सौ. म्हणाली, हा आपल्या प्रसादाचा सख्खा भाऊ. परक्या हातचे मी खात नाही. दोनदा घेतला.

चैत्र शु. ९, मंगळवार. रामनवमी.
जन्मकाळ होताच अण्णांना पत्र लिहिले. 'कौशिकगोत्री' हे मी न विचारता लिहिले. काश्यपही मागे घेतो. तिघे आपल्या गोत्राचे नाहीत, आपल्या गावाचे आहेत, आणि तसेच छापावे.

सोबत वंशवृक्ष नव्याने काढला. बुंध्याशी मूळपुरुष नाही, मुरवण गाव. सिद्ध संबंध सलग रेषेने. तिघांच्या रेषा तुटक. आमच्या नकाशांत तुटक रेषेचा अर्थ 'नाही' असा नसतो. ती कड असते. या बाजूने दिसत नाही, एवढेच.

चौथ्या तुटक रेषेसाठी पट्टी ठेवली होती. उचलली. दत्तारामला विचारलेले नाही, आणि न विचारता लिहिण्याचा माझा कोटा भरला.

चैत्र कृ. ६, रविवार.
पुण्यात मंडळाची बैठक. सायंकाळी अण्णांचा फोन. आवाज बसलेला, पण स्वारी खुशीत. बैठक तीन तास चालली. एक म्हणाले, परिशिष्टात घाला. दुसरे म्हणाले, मग मी राजीनामा घालतो. तिसऱ्यांना खजुराच्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता. त्यांच्या शेतात खजूर धरत नाही.

"आणि तुम्ही?" मी विचारले.
"मला विचारू नकोस. तुझा तो नकाशा टेबलावर पसरलाय, दोन दिवस येताजाता बघतोय. वाईट काढतोस असं म्हणता येत नाही, हीच अडचण आहे."

निर्णय पुढच्या बैठकीत. चूक दुरुस्ती मात्र छापणारच. "ती तूच लिही. मी एक शब्द बदलणार नाही."

सौ.ने विचारले, सगळे पुण्यावरच सोपवलेत का? गोविंदपुरा तर टेंपोने पंधरा मिनिटांवर आहे.

चैत्र कृ. ९, बुधवार.
गेलो. लेथ चालू होती. दत्तारामने मला पाहून ती बंद केली, स्टूल पुसले. मी उभ्यानेच सांगितले: फॉर्म संपले नव्हते.

"ठाऊक आहे, साहेब. तुमचे कान लाल होतात. ड्रॉइंगमध्ये चूक निघाली की व्हायचे तसेच."

दोन्ही हातांनी फॉर्म पुढे केला. त्याने चिंधीला हात पुसून तो घेतला, उजेडाकडे धरून सावकाश वाचला. नकाशा वाचावा तसाच. आधी शीर्षकाची चौकट, मग आतले.

"पहिलाच रकाना गोत्राचा," तो म्हणाला. "माझ्या बापाला मुरवणमध्ये कोणी गोत्र नाही विचारलं. खाडीच्या कुठल्या बाजूचा, एवढंच विचारायचे. आम्ही पलीकडचे. गावात यायची आमची वाटसुद्धा वेगळी होती." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. "ही ड्रॉइंग गलत आहे, साहेब. गलत ड्रॉइंगवर मी कधी काम सुरू केलंय का? रिव्हिजन काढून आणा."

घरी जाऊन काढून आणतो म्हणालो. तर म्हणे, इथेच काढा, नाहीतर परत पंचवीस वर्षं लावाल. मशीनवरचा किस झाडून त्याने कागद पसरला. बसलो. मूळपुरुष गेला. कुलदैवत राहिले, पण खाली गेले. 'काम काय करत' हा रकाना त्याने मागितला. तो मला सुचलाच नव्हता. अकराचे सात झाले.

पहिल्या रकान्यात मी 'गाव' लिहू लागलो, तर त्याने माझ्या हातावर बोट ठेवले. "कुठलं? अलीकडचं का पलीकडचं? तुमच्या नकाशात एकच गाव आहे, असं डॉक्टरसाहेबांनी फोनवर सांगितलं." मी त्यांनाही नकाशा पाठविला होता, त्यांचे आपसात फोन चालतात, हे आज कळले.

एवढ्यात त्याचे गिऱ्हाईक आले. तोवर चहा झाला. त्याच्या कपात, त्याच्या हातचा. ताट, पेला काहीच नेले नव्हते, हे टेंपोत बसल्यावर ध्यानात आले.

पुण्याची बैठक सोमवारी. त्याआधी उद्या पुन्हा गोविंदपुरा. पहिला रकाना रिकामा आहे, आणि पेन्सिल त्याच्याकडे राहिली.