मामांची सरळ रेषा

तीर्थरूप मामांना,

पाया पडते (कागदावरून जेवढं पडता येतं तेवढं). मामी सांगते की पत्र हाती आलं की तुम्ही आधी शेवट वाचता आणि वाटलं तरच सुरुवातीकडे वळता. म्हणून घडलं ते सगळं इथेच क्रमाने लिहिते. शेवटासाठी राखून काही ठेवलेलं नाही.

१. आई बरी आहे.
२. तिच्या हाताला येणाऱ्या मुंग्या हे दुखणं नव्हतं. ती वीज होती.
३. ती गॅसच्या पाइपमधून येत होती.
४. पाइपमध्ये ती तुम्ही पाइपला बांधलेल्या वायरीतून आली.
५. गॅस गळला नाही, काही पेटलं नाही, कोणालाही इजा नाही.
६. वायर मी सोडवली आहे. नवी वायर दुसऱ्या वाटेने न्यायची आहे. आई तुमच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावू देत नाही.
७. फ्रिज बैठकीच्या खोलीत आहे.

माझी पत्रं म्हणजे तपासणीचे अहवाल असतात ही तुमची जुनी तक्रार मान्य आहे. अहवाल संपला. आता रीतसर विचारते: गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याला धरावं लागतं का? मामीची झोप? आणि चित्रांचं कुठवर आलं? (निवृत्त झाल्यावर रोज एक चित्र काढणार होतात. मामीच्या म्हणण्याप्रमाणे सध्या रोज एक उपकरण उघडता.) इकडे सगळे मजेत आहेत. हेच वाक्य आई गेले कित्येक महिने तुम्हाला लिहीत होती आणि ते खरं नव्हतं. मी ते आज मीटर लावून पाहिल्यावर लिहिते आहे.

झालं असं की गेल्या थंडीपासून आईच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. बोलायचं नाही हा तिचा स्वभाव (तुमचाही तोच; आजीने तुम्हा दोघांना एकाच साच्यातून काढलंय असं बाबा म्हणतात). शेवटी शेवटी आजीचे हात कसे थरथरायचे ते तुम्ही दोघांनी पाहिलंय, मी फक्त ऐकलंय. आईने मनाशी ठरवूनच टाकलं की आता आपली पाळी. मी सुट्टीला घरी आले की कुठल्या कपाटाची किल्ली कुठे असते ते ती मला ‘सहज’ दाखवायची. फोनशेजारच्या कोऱ्या कागदांवर सही गिरवून बघायची. सही उत्तम होती. किल्ल्यांकडे मात्र मला बघवत नव्हतं, एवढंच लिहिते.

डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या काकूंनी मोबाइल उशाशी ठेवू नका म्हणून सांगितलं. बाबांनी (आपणही काहीतरी करायला हवं म्हणून) आईला स्वयंपाकघरातून सक्तीची रजा दिली आणि स्वतः ओट्याशी उभे राहिले. आईच्या मुंग्या थांबल्या. बाबांना सुरू झाल्या.

यावर घरात विचार झाला, नाही असं नाही. दुखणं संसर्गजन्य आहे असा निष्कर्ष निघाला. काकूंनी वाटीभर साखरेसाठी येणंसुद्धा बंद केलं. आईला हे फार लागलं. तिने मला फोन करून रागाने विचारलं, “अगं, हे माझ्या माहेरचं दुखणं, ह्यांना कसं होईल?” बाबा मागून म्हणाले, “लग्नात सगळंच अर्धं अर्धं वाटून घ्यायचं ठरलं होतं.” त्यावर पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. मी मात्र आईच्या प्रश्नापाशीच अडकले. दुखणं माणसाबरोबर फिरतं. हे ओट्यापाशीच उभं होतं. मी दिवसभर इतरांच्या घरात जाणाऱ्या केबली ताणून, तापवून, भिजवून तपासते. अशा वेळी कुठे बघायचं ते मला पगार देऊन शिकवलेलं आहे. दोघांनाही शेगडी पेटवायची नाही, नळ आणि पाइपला हात लावायचा नाही, जेवण बाहेरून आणायचं, असं सांगितलं आणि रजा टाकून निघाले.

दारातून आत शिरले ती सरळ ओट्याकडे. (रबरी चप्पल काढली नाही. आई ओरडली. या वेळी न काढण्यालाच अर्थ होता.) टेस्टरचं टोक गॅसच्या कॉकला लावलं आणि टेस्टरमधला दिवा लागला. गॅसच्या पाइपला लावल्यावर दिवा लागण्याचं काहीच कारण नसतं, मामा. आई मागे उभी होती. तिने विचारलं, “चांगलं की वाईट?” मी म्हटलं, “तुला काहीही झालेलं नाही.” पॅसेजमधला मेन स्विच बंद केला, मीटरपाशी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. परत येऊन पाहते तर आई स्टुलावर बसून हाताची बोटं एकेक करून बघत होती, दुकानात नवी वस्तू बघावी तशी. मग तिला हसू आलं, आणि मग गोळ्यांचा राग आला.

आता तुमच्या रेषेविषयी. गॅसची लाइन आली त्या वर्षी स्वयंपाकघरातली वायर तुम्ही टाकलीत, हे मला चांगलं आठवतं. गॅसवाल्यांचा पाइप भिंतीवरून एका उंचीने गेला होता आणि फ्रिज-मिक्सरची वायर तुम्हाला दुसऱ्या उंचीने न्यायची होती. दोन रेषांनी भिंत फाटते, असं तुम्ही दूर उभे राहून, एक डोळा मिटून, पेन्सिल आडवी धरून सांगितलंत. म्हणून वायर पाइपच्या पाठीला चिकटवलीत, पत्र्याच्या पट्ट्यांनी घट्ट आवळलीत आणि दोन्हींवर भिंतीचाच क्रीम रंग असा मारलात की कुठे पाइप संपतो आणि कुठे वायर सुरू होते ते देवालाही कळू नये. आईने कितीतरी वर्षं पाहुण्यांना ती भिंत दाखवली आहे. रेषा खरोखर सुंदर होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. मीसुद्धा ती सोडवताना दोनदा थांबले.

पण कॉक फिरवला की पाइप किंचित हलतो. तो हलला की पट्टी वायरीला घासते. चित्र भिंतीवर स्थिर राहतं, पाइप राहत नाही, एवढाच काय तो फरक. एका पट्टीने वायरीचं आवरण जवळजवळ आरपार कापलं होतं. आमच्या पाइपला अर्थिंग नाही, शेगडीकडे रबरी नळी, भिंतीवर प्लास्टिकच्या पकडी. त्यामुळे आत शिरलेल्या विजेला बाहेर पडायला वाटच नव्हती. एक हात कॉकवर आणि दुसरा ओल्या सिंकवर ठेवून आईने ती करून दिली. आवरणाचा शेवटचा पापुद्रा शिल्लक होता म्हणून मुंग्यांवर निभावलं. तो नसता तर काय, हे मी प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे आणि या पत्रात लिहिणार नाही.

आणखी एक. गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर आमच्याकडे होता. तो थंडीत सारखा पडू लागला तेव्हा बाबांनी तुम्हाला फोन केला, तुम्ही ‘भित्रा दिसतोय, बाजूला काढा’ असं निदान केलंत आणि फोनवरून सूचना देत देत बाबांकडून तो काढवलात. (बाबांना त्या कामाचा अजून अभिमान आहे. त्यांनी आयुष्यात वळवलेला तो पहिला स्क्रू.) तो भित्रा नव्हता, मामा. त्या घरात तो एकटाच शुद्धीवर होता. त्याच्या जागी नवा बसवला आहे आणि बाबांना पेचकस ठेवलेल्या खणाकडे जायला बंदी आहे.

गॅसचा फिटर आला. त्याने सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला. एकही बुडबुडा नाही. त्या पट्टीखाली पाइपवर एक काळा ठिपका होता, मोहरीएवढा. ठिणगीचा. तो त्याने बराच वेळ खरवडून, परत फेस लावून पाहिला आणि मग पाइपचा तेवढा तुकडा बदलूनच टाकला. जाताना त्याने विचारलं, “ह्या पट्ट्या कोणी मारल्या?” आई अभिमानाने म्हणाली, “माझ्या दादाने.” “काय करतात ते?” “चित्रकलेचे सर होते.” फिटर म्हणाला, “तरीच!” आईने ते कौतुक समजून त्याला सरबत दिलं.

पुढची अडचण अशी की वायर सोडवल्यापासून स्वयंपाकघराच्या त्या भिंतीवर वीज नाही. म्हणून फ्रिज बैठकीत आला आहे. आईने त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवली आहे, म्हणजे तो फ्रिज वाटू नये. दार उघडलं की फुलदाणी डुगडुगते. बाबा खूश आहेत. त्यांच्या खुर्चीतून न उठता हात पोचतो. मिक्सर बाबांच्या पुस्तकांच्या टेबलावर आहे आणि सकाळी चटणी वाटली जाताना बातम्या ऐकू येत नाहीत. नवी वायर वेगळ्या नळीतून, छताजवळून न्यायची आणि पाइपपासून चांगली वीतभर लांब ठेवायची, असा माझा बेत आहे. नियम याहून कमी मागतो. मी वीत मागते, कारण वीत आईला मोजता येते. जिथे ओलांडायचं तिथे काटकोनात एकदाच ओलांडायचं आणि मधे आडोसा द्यायचा, सोबत चालत जायचं नाही. पण भिंतीवर पुन्हा दोन रेषा दिसणार, आणि आईचं म्हणणं, “दादाला विचारल्याशिवाय एक खिळा लागणार नाही. त्याला वाईट वाटेल.” मी ‘तुला काही झालं असतं तर त्याला जास्त वाईट वाटलं असतं’ असं म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “ते झालं नाही ना. हे होईल.”

तेव्हा मामा, आईला तुम्ही स्वतः लिहा. कल्पना तुमचीच आहे असं लिहिलंत तरी चालेल. मी खोडून काढणार नाही. ‘छताजवळची रेषा खोलीला उंची देते’ असं काहीतरी तुम्हाला सुचेलच.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची भाची
(तुम्ही म्हणता ती, ‘मीटर’)

ता. क. १ : नवी वायर लागूनही गेली आहे. आई आणि बाबा काकूंकडे समेटाला गेले होते तेवढ्यात लावली. आई छताकडे कधी बघत नाही आणि फुलदाणीसकट फ्रिज अजून बैठकीत आहे, म्हणून तिला संशय आलेला नाही. तुमचं पत्र येईपर्यंत बाबांना तो तिथेच हवा आहे. त्यामुळे वर मागितलेली परवानगी ही तशी औपचारिक आहे, पण आईसाठी लागेलच.

ता. क. २ : मामीने आईला रबरी चपला पाठवल्या होत्या. ‘ओट्याशी घालून उभी राहा, माझ्या मुंग्या यानेच गेल्या’ अशी चिठ्ठी सोबत होती. आईने त्या जपून कपाटात ठेवल्या. मी परवा ती चिठ्ठी वाचली. आमच्या भिंतीवरची रेषा ही नक्कल, मामा. मूळ चित्र तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मामी गेली दोन वर्षं ‘शेगडी चावते’ म्हणते आणि तुम्ही हसता.

ता. क. ३ : घाबरू नका. चिठ्ठी वाचली त्याच मिनिटाला मी मामीला फोन केला. तुम्ही फिरायला गेला होतात. तिने ओट्याच्या लाइनचा स्विच बंद केला आणि दुसऱ्या दिवशी, पुन्हा तुम्ही फिरायला गेल्यावर, फिटरला बोलावून फेस लावून घेतला. बुडबुडा नाही. शेगडी आता चावत नाही. तुमच्या मनाला लागू नये म्हणून तिने तुम्हाला ‘मिक्सर बिघडला’ एवढंच सांगितलं, आणि तेव्हापासून तुम्ही तो उघडून बसला आहात असं कळलं. मिक्सरला काहीही झालेलं नाही. तो परत जोडा. स्क्रू उरले तर वाटीत ठेवा, मी आल्यावर बघेन.

शनिवारी वायर, नळी आणि ब्रेकर घेऊन येते. वीत तुमची वापरू, पेन्सिलही तुम्हीच आडवी धरा. येऊ ना, ते गुरुवारपर्यंत कळवा.