सेवादासला काही न देण्याबाबत

मी लालीबाई, रामधन राठोड यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार खालचा तांडा, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी फूस लावलेली नाही. घरात फूस लावायला आहेच कोण? साक्षरता वर्गात शिकलेल्या अक्षरांनी हे मृत्युपत्र स्वतः लिहिते.

१. दोन खोल्यांचं घर आणि मागचं सीताफळ नातीला, रंजिताला. दर रविवारी तीच तेवढी फोन करते.

२. कवड्या-आरशांचा डबा तांड्यातल्या बायांनी वाटून घ्यावा. पूर्वी पाठवणीचं माझं रडगाणं झाल्याशिवाय नवरी सासरी निघत नसे. नऊ वर्षं झाली, बोलावत नाहीत. राग नाही. थोडा आहे.

३. केसांतली चांदीची घुगरी-टोपलीही रंजिताला. ती का वादाची झाली ते लिहिते. आमच्यात ती नवरा असलेल्या बाईनेच घालायची. हे गेले तेव्हा बायांनी माझी उतरवली. पुढे मी प्रार्थनेला जाऊ लागले. पास्टरांनी वाचलं, देवाची माणसं गात परत येतील, त्यांच्या डोक्यावर कधी न संपणारा आनंद असेल. डोक्यावर! मी घरी आले, पेटी उघडली, घुगरी-टोपली बांधली आणि हसत पाण्याला गेले. संध्याकाळपर्यंत तांडाभर झालं, म्हातारीनं दुसरा नवरा केला.

माझा एकुलता मुलगा सेवादास मला याडी म्हणतो, म्हणजे आई. तो दारातूनच ओरडला, "याडी, बाप जाऊन वर्ष नाही झालं, कोणाच्या घरात बसली तू?"

मी म्हटलं, "येशूच्या."

तेव्हा हसायला नको होतं. ती माझी चूक.

"मंग त्यालेच बोलाव तुह्या मातीले!" म्हणाला, आणि बायकोला आणि रंजिताला घेऊन लोहाऱ्याला राहायला गेला. तेव्हापासून बोलला नाही.

तो आनंद मात्र खरा आहे. चूल पेटवताना मी एकटीच गाते. भाकरी दोन करते, एक उरते. पास्टरांना विचारलं, कायमचा म्हणजे किती? म्हणाले, संपतच नाही. एवढा मोठा आनंद, आणि "कायले गाते व माय?" म्हणून विचारणारं शेजारी कोणी नाही, हे कसं चालेल?

४. वकीलसाहेब म्हणाले, मी सही करताना दोन साक्षीदार समोर बसलेले हवेत; आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. ऐकून मी तिथेच टाळी वाजवली.

म्हणून सेवादासला मी काहीही देत नाही. एक चमचासुद्धा नाही. बाबा, आता तुला सहीला यायला काही अडचण नाही. जेवूनच जाशील.

साक्षीदार:
१. हरिसिंग पवार, शेजारी (बोलावलं की येतो म्हणाला)
२. सेवादास रामधन राठोड

लिहून देणारी: लालीबाई. सही केलेली नाही. दोन नंबरचा साक्षीदार समोर बसला की करीन.
ठिकाण: माझी ओसरी
दिनांक: सेवादासला सुट्टी मिळेल तो रविवार