सात मजल्यांविरुद्ध आमचा चौक

४ मार्च
चौकाचं पुनरुज्जीवन करायचं ठरवलं. कोणीतरी पुढाकार घ्यायला हवा, आणि आपल्याइतकी दृष्टी इथे दुसऱ्या कोणाला आहे असं वाटत नाही. आज दुकानात दोन माणसं आली. एक पत्ता विचारायला, दुसरा पहिल्याला शोधायला. पडद्याच्या कापडाचे तागे नुसते पडून आहेत. एकेकाळी या चौकात पाय ठेवायला जागा नसायची. संध्याकाळी शेजारचा चष्मेवाला आला, तेव्हा त्याच्यासमोर ‘चौक सुधार समिती’ स्थापन केली. मी अध्यक्ष, तो सचिव. सभासदांचं नंतर बघू.
संकल्प: रोज सकाळी चौकाला पायी एक फेरी. गुडघ्यालाही बरं.

५ मार्च
फेरी उद्यापासून.

९ मार्च
समितीचं पहिलं काम फत्ते. दोन बाक आणून दुकानासमोर ठेवले. माणसं टेकतील, रेंगाळतील, मग सहज आत वळतील. चष्मेवाला म्हणाला, मधे तुमची गाडी उभी असते, बसणाऱ्याला दुकान दिसणार कसं? त्याला जरा नकारात्मक बोलायची सवय आहे. गाडी लांब लावली तर मला चालत यावं लागेल.

१४ मार्च
बाकांवर माणसं बसायला लागली. पण उठतच नाहीत. कॉलेजची टोळकी, मोबाईल, खिदळणं. एकही आत वळला नाही. ‘बाकावर विनाकारण बसू नये’ अशी पाटी रंगवून घेतली. अक्षर छान आलंय.

२० मार्च
मोठं संकट. बंद पडलेल्या टॉकीजच्या जागेवर सात मजली इमारत येणार. छोटे छोटे फ्लॅट, दाटीवाटीने. नगरपालिकेने नोटीस लावून हरकती मागवल्यात. पार्किंगचं काय? पाण्याचं काय? आमच्या गच्चीतून टेकडी दिसते, तिचं काय?
जेवताना हे सगळं बोलून दाखवलं. बायको म्हणाली, चौकात माणसं नाहीत म्हणून तुम्हीच रडत होता ना? तिला शांतपणे समजावलं. आपल्याला माणसं यायला हवीत, राहायला नकोत. फरक आहे. ती म्हणाली, भाजी वाढू का?

२२ मार्च
मुलगी आणि जावई जेवायला आले होते. तिला सहावा महिना. सध्या भाड्याच्या दीड खोलीत राहतात, तीही आता सोडायची आहे. जावई चाचरत म्हणाला, बाबा, टॉकीजच्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आमच्या आवाक्यातला आहे. मुलगी म्हणाली, बाळाला आईकडे सोडून कामावर जाता येईल. मी म्हटलं, असल्या खुराड्यात कशाला, एखादा बंगला बघा ना. जावई बराच वेळ मीठ शोधत होता. मीठ त्याच्या पुढ्यातच होतं.

२५ मार्च
समितीतर्फे दोन अर्ज लिहिले. पहिला: चौकात आधीच अतोनात गर्दी आहे, श्वास घ्यायला जागा नाही, सबब सात मजल्यांना परवानगी देऊ नये. दुसरा: चौकात चिटपाखरू फिरकत नाही, सबब बाजारपेठ सुधार निधीतून मदत मिळावी. दोन्ही एकाच पाकिटात घालून नगरपालिकेत दिले. उगाच दोन खेपा कशाला?

३ एप्रिल
नगररचना विभागाच्या बाई दुकानात आल्या. हातात दोन्ही अर्ज. म्हणाल्या, यातला खरा कोणता? मी म्हटलं, दोन्ही. सकाळी चौक ओस असतो, संध्याकाळी ओसंडतो. प्रसंगावधान म्हणतात ते हेच. बाई म्हणाल्या, मग गुरुवारी दोन्ही वेळा येऊन बघते.

९ एप्रिल, गुरुवार
योजना चोख होती. सकाळी कोणी फिरकायचं नाही. संध्याकाळी समितीच्या दोघांनीही सगळं गणगोत घेऊन यायचं.
सकाळी चष्मेवाल्याकडे मोफत नेत्रतपासणी निघाली. रांग थेट माझ्या गाडीपर्यंत. सचिव म्हणाला, अहो, विसरलोच.
संध्याकाळी गणगोत आलं, पण सगळं गाड्यांतून. कोणालाच गाडी लावायला जागा सापडेना. चौकाला घिरट्या घातल्या, मला हात केले आणि सगळे घरी गेले. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. डोकावून पाहिलं: ‘गाड्या पुष्कळ, माणसं नाहीत.’
एकूण आपल्या बाजूने गेलं असं वाटतं.

१२ एप्रिल
बायकोने विचारलं, सात मजल्यांना खिडक्या किती होतील हो? म्हटलं, तेच तर सांगतोय, तेवढ्या खिडक्यांतून लोक आपल्या गच्चीत बघणार. ती म्हणाली, आणि त्यांच्या घरात कोणी बघू नये म्हणून ते काय लावतील? म्हटलं, ते त्यांचं बघून घेतील, आपल्याला काय करायचंय? ती खिडकीचा पडदा सरकवून आत गेली. भाषणाची तयारी करत असल्यामुळे जास्त बोललो नाही.

२ मे
हरकतींवर सुनावणी. तासभर बोललो. ‘चौकाचा आत्मा’ हे शब्द चार ठिकाणी टाकले. मागच्या रांगेत जावई बसला होता. तो माझ्या बाजूने आला असावा, पण टाळ्या वाजवायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

२८ मे
जिंकलो. परवानगी फक्त दोन मजल्यांची. बिल्डर म्हणाला, परवडत नाही, आणि गाशा गुंडाळला. बाईंच्या अहवालात गाड्या पुष्कळ असल्यामुळे टॉकीजच्या जागेवर आता वाहनतळ होणार. सुधार निधी मात्र नाही मिळाला, कारण माणसं नाहीत. प्रत्येक गोष्टीत खुसपट काढतात.
पेढीवर बसून चष्मेवाल्याची वाट पाहिली. तो दुकान हलवतोय म्हणे. सांगायला आला तेव्हा नजर चुकवत होता.

१५ जून
मुलीने हायवेपलीकडच्या नव्या वसाहतीत तयार फ्लॅट घेतला. बसने दीड तास. म्हटलं, हवा चांगली आहे तिकडे. ती म्हणाली, हो बाबा.

४ जुलै
नात झाली. नाक माझं. बायको मुलीकडे राहायला गेली. कधी येणार विचारलं, तर म्हणाली, बाळाकडे बघायला तिथे दुसरं कोण आहे? बरोबर आहे. जेवणाचं माझं मी बघतोय. आज ब्रेड.
संकल्प: नातीच्या खोलीला स्वतःच्या हाताने पडदे. फिकट पिवळे, आपल्याकडचं सगळ्यात उंची कापड.

१९ जुलै
टेप आणि कापडाचे नमुने घेऊन मुलीकडे गेलो. अकरा मजली इमारती, एकीला लागून एक. संध्याकाळ होती. खाली माणसंच माणसं, बाबागाड्या, पिशव्या, गप्पा. दुकानांच्या रांगेत चष्मेवाला. मला बघून बाहेर आला, चहा पाजला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून लगेच आत पळाला. त्याच्या शेजारी पडद्यांचं दुकान. आत उभं राहायला जागा नव्हती.
वर गेलो. खिडक्यांना पडदे होते. निळे, शिलाई बरी होती. मुलगी म्हणाली, बाबा, बाळाच्या तोंडावर ऊन यायचं, मग खालूनच घेतले. मी टेप खिशात ठेवला. खिडकीतून समोरची इमारत दिसत होती. खिडक्या मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं.

२० जुलै
गाडी नव्या वाहनतळावर लावली. हवी तिथे लावता आली. दुकानापर्यंत चालत आलो, म्हणजे फेरीचा संकल्प सुरू झाला म्हणायचं.
दुकान उघडावंसं वाटलं नाही. फार एकटं वाटत होतं. बाकावरची पाटी काढून ठेवली आणि तिथेच बसलो. कोणी येऊन शेजारी बसलं असतं तर चाललं असतं. दुपारपर्यंत कोणी आलं नाही.