४१७ नंबरचं औषध

सोमवार, ५ जानेवारी
यंदाचे संकल्प: ४१७ जगापुढे आणायचा. रोज वीस मिनिटं चालायचं. मूर्खांशी वाद घालायचा नाही. तिसरा संकल्प अवघड आहे, कारण तो पाळला तर लॅबमध्ये दिवसभर गप्पच बसावं लागेल.
मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर साध्या गोळीतून घेता येईल असा लहानसा रेणू मी आठ वर्षं शोधतोय. चारशे सोळा निकामी निघाले. चारशे सतरावा पेशी मारतो. सटासट.
सकाळी संडासात थोडं लाल दिसलं. काल बीट खाल्लं होतं. विषय संपला.

गुरुवार, ८ जानेवारी
४१७ चा आलेख फ्रेम करून लावावा इतका देखणा आलाय. डोस वाढवला की जास्त पेशी मरतात, आणखी वाढवला की आणखी मरतात, आणि शेवटच्या डोसला एकही वाचत नाही.
बाईंनी त्यावर तोंड वाकडं केलं. बाई म्हणजे आमच्याकडे कॅन्सरच्या पेशी वाढवतात त्या. बावीस वर्षं त्या पेशींना खाऊपिऊ घालतायत, त्यामुळे जीव जडला असावा. म्हणाल्या, औषध ज्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतो, तो नुसताच घालून तुलनेसाठी एक ओळ, म्हणजे कंट्रोल, ठेवूया का. पूर्वी ठेवायचो, गेल्या वर्षी मी बंद केली. प्लेटमध्ये शहाण्णव खळगे, त्यातले आठ नुसत्या सॉल्व्हंटवर उधळायचे? ती ओळ बंद केली आणि तिथून पुढे कामाला खरी गती आली, हे बाईंच्या लक्षातच येत नाही.

शनिवार, १७ जानेवारी, सकाळी ७.४०
पुन्हा लाल. बीट नव्हतं. नीट आठवलं तेव्हा मंगळवारी कॅन्टीनमध्ये एक चकती खाल्ल्याचं आठवलं. बीट शरीरात रेंगाळतं.
हिला सांगितलं नाही. ही शाळेत गणित शिकवते. उत्तर येईपर्यंत सोडत नाही.
चालणं: शून्य मिनिटं. गुडघा.

सोमवार, २ फेब्रुवारी
ताईचा फोन. तिने आतड्याची तपासणी करून घेतली. दोन गाठी निघाल्या, पुढे कॅन्सर झाला असता अशा. तिथल्या तिथे काढल्या. डॉक्टरांनी सांगितलंय की सख्ख्या भावानेही करून घ्यावी, शिवाय वडीलही त्यानेच गेलेले. बाबांचं पचन नाजूक होतं, एवढंच मला आठवतं. मी ताईला समजावलं की मी याच विषयातला तज्ज्ञ आहे, बावन्न वर्षांचा आहे, काळजी नसावी. ती म्हणाली, म्हणूनच तर. यात "म्हणूनच" काय आहे, ते तिचं तिला ठाऊक.
हे काम करणारा डॉक्टर म्हणजे प्लंबर. पाइप घालायचा, आत डोकवायचं, तुंबलेलं काढायचं. यात विज्ञान कुठे आलं?
हिने फोन ऐकला होता. संध्याकाळी औषधाच्या दुकानातून शौचातलं रक्त तपासायचं किट घेऊन आली. एक काडी, एक नळी आणि नमुना कसा घ्यायचा याची चित्रं. चित्रातला माणूस विनाकारण हसतोय.

मंगळवार, १० फेब्रुवारी
साहेबांनी सांगितलं, १२ मार्चला समितीपुढे ४१७. पसंत पडला तर उंदरांवर प्रयोग. नाही पडला तर प्रकल्प बंद, आणि मी खालच्या मजल्यावर बाटल्यांची लेबलं तपासायला. साहेबांची रसायनशास्त्राशी शेवटची गाठ कॉलेजात पडली होती, तीही दुरून. समितीत तसलेच पाच.
औषधाचं नाव ठरवलं: माझ्या आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि मागे "मॅब". बाई म्हणाल्या, "मॅब" दुसऱ्याच प्रकारच्या औषधांना लावतात, ती इंजेक्शनं असतात. फाटे फोडायला यांना कोण शिकवतं?
किट फडताळात. इतक्या दगदगीत नमुना खरा येणार नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी
हिने काडीबद्दल विचारलं. मी शास्त्रीय कारण दिलं: असल्या घरगुती किटमध्ये कंट्रोल धड नसतो, त्यामुळे निकालावर विसंबता येत नाही. तिने किट फडताळातून काढून माझ्या टूथब्रशशेजारी ठेवलं. पटलं असावं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी
मूळव्याध आहे. स्वतःच निदान केलं. ऑफिसच्या खुर्चीमुळे. खुर्ची बदलून मिळावी म्हणून अर्ज दिला, कारणाच्या जागी "वैज्ञानिक" लिहिलं. तोवर घरून उशी नेतो.
वजन दोन किलो कमी. चालण्याचा परिणाम. म्हणजे चालायचा विचार मनात आहे, त्याचा.

सोमवार, २ मार्च
बाईंनी सॉल्व्हंटच्या ओळीचं टुमणं तिसऱ्यांदा लावलं. डोस वाढवायचा म्हणजे त्याच बाटलीतून जास्त थेंब घालायचे, म्हणजे सॉल्व्हंटही वाढतो, असं काहीबाही. मी सांगितलं की पिपेट धरता येणं वेगळं आणि विचार करता येणं वेगळं. त्या आपल्या पेशींकडे वळल्या. संकल्प मोडला, पण जिंकलो.
घरी जेवताना ही एवढंच बोलली. "तेवीस वर्षांत मी तुमच्याकडे हट्टाने काही मागितलं नाही. ही काडी मागतेय."
कटकट मिटावी म्हणून नमुना घेतला, नळी तपासायला पाठवली. किटच्या चित्रातला हसणारा माणूस खोटारडा आहे.

सोमवार, ९ मार्च
बाईंनी टेबलावर कसला तरी कागद ठेवलाय. भाषण पाठ करतोय, बघायला वेळ नाही. चहाचा कप त्यावर ठेवतो, टेबलावर डाग पडत नाही.
भाषणात शेवटी आभार आहेत. बाईंचंही नाव घालणार होतो, पण ओघ बिघडतो.

मंगळवार, १० मार्च
किटचा निकाल: पॉझिटिव्ह. मूळव्याधीतही पॉझिटिव्ह येतो, हे मी हिला सविस्तर सांगितलं. माझं बोलणं चालू असतानाच तिने प्लंबरला फोन लावून २० तारीख घेतली.
इथे लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे? बाबा शेवटी शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, जेवायचे नाहीत, नुसते वास घ्यायचे. हे मला आठवतं. पचन नाजूक वगैरे मीच सगळ्यांना सांगत आलो.
असो. परवा समिती.

गुरुवार, १२ मार्च
भाषण अप्रतिम झालं. आलेख पडद्यावर आला तेव्हा समितीतला एक जण जागाही झाला. तो कानात मशीन घातलेला म्हातारा. त्याने विचारलं, नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल कुठे आहे. मी म्हटलं, गरज भासली नाही. साहेबांनी मागे बसलेल्या बाईंना विचारलं. त्यांनी उभ्या राहून सांगितलं की गेल्या शनिवारी स्वतःच्या वेळात त्यांनी ती प्लेट लावली होती. औषध नाही, नुसता सॉल्व्हंट, तितकाच. पेशी तितक्याच मेल्या. आलेखावर आलेख ठेवला तर रेघ एकच दिसते.
साहेबांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. बाई म्हणाल्या, सोमवारी कागद टेबलावर ठेवला होता.
माझ्या ऑफिसात येऊन टेबलावरचा कप उचलला. खाली आलेख. त्यावर चहाचा गोल.

शुक्रवार, १३ मार्च
रात्री झोप नाही, पण पहाटे एक विचार चमकला. सॉल्व्हंट जर इतका उत्तम मारतो, तर सॉल्व्हंट हेच औषध का नसावं? स्वस्त आहे, बाटलीत मिळतो. साहेबांना तीन पानी मेल पाठवली.
उत्तर एका ओळीचं: तो निरोगी पेशीही मारतो, रजा घ्या.
मत्सर.

गुरुवार, १९ मार्च
प्लंबरची पावडर. चार लिटर पाण्यात कालवून पेला पेला प्यायची. चव ओल्या खडूसारखी. नववा पेला एका बैठकीत संपतो असं पाकिटावर लिहिणाऱ्याने तो कधी प्यायलेला नाही. आणि प्यायलो तरी बैठक कुठे मिळतेय, दर दहा मिनिटांनी धावतोय. ही दाराबाहेर स्टूल टाकून वह्या तपासत बसलीय. जा म्हटलं तरी गेली नाही.
उद्या काही निघालं तर? बाबांना कुणी पाइप घातला असता तर? आज हे प्रश्न हटत नाहीत, आणि त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे रेणू नाही.

शुक्रवार, २० मार्च
झालं. गुंगीत होतो. प्लंबर तिशीतला, पायात रबरी चपला. एक गाठ होती, बोराएवढी. तारेचा फास टाकून काढली. किती वेळ लागला विचारलं, तर म्हणाला, तीन मिनिटं. मग ओशाळून म्हणाला, चार धरा. गाठ तपासायला पाठवलीय.
उशी ऑफिसातून परत आणायला हवी.

सोमवार, ३० मार्च
अहवाल आला. गाठ वाईट वळणाला लागली होती, पण कॅन्सर नाही. पूर्ण निघाली. हिने अहवाल दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दवाखान्याच्या जिन्यात मला धरून रडली. मीही रडलो. बीट आणि खुर्चीचा अर्ज, दोन्ही तिला सांगून टाकलं.
ताईला फोन केला. बाईंनाही केला. सॉरी म्हणायचं होतं, पण तब्येतीचंच बोललो. त्या म्हणाल्या, आधी बरे व्हा, प्लेट लावायला मी आहे.
प्लंबरने, म्हणजे डॉक्टरांनी, सांगितलं की अशी गाठ वाढायला सात-आठ वर्षं लागतात. मी मनात मोजलं. पहिल्या रेणूपासून.
फाइल भरताना त्यांनी विचारलं, काय करता. म्हटलं, याच आजारावर औषध शोधतो. त्यांनी आदराने मान वर केली आणि विचारलं, मग कुठपर्यंत आलंय?
म्हटलं, अजून कंट्रोल लावायचाय.